दोन पिशव्यांचं वाण

संक्रांत जवळ आली की वेदिका पावसकर यांना एकच काळजी लागायची. यंदा वाण काय लुटायचं? वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही घरात दरवर्षी उभा राहतो, तेव्हा उगाच हसू नका. हळदीकुंकू पार पडलं की घरोघरच्या माळ्यावर प्लास्टिकच्या डब्या, चहाच्या गाळण्या आणि कुणालाच नको असलेले ट्रे यांची एक पिशवी चढते. पुढच्या जानेवारीत तीच पिशवी खाली उतरते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसते. या फिरत्या भंगाराला आपण वाण म्हणतो आणि वर त्याला हळदीकुंकू लावतो.

वेदिकाताई स्वतःला या गाळणीवाल्या बायकांत धरत नसत. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला समुद्र दिसणाऱ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी. आपण दिलेली वस्तू समोरचीने वापरली पाहिजे, असं त्या मंडळाच्या सभेत उभं राहून सांगत. यंदा त्यांनी नेलपॉलिश द्यायचं ठरवलं आणि एका शनिवारी सकाळी बाजारपेठेतल्या चांगल्यातल्या दुकानात जाऊन तिथल्या मुलीला सव्वा तास उभं केलं.

हा सव्वा तास बघण्यासारखा होता, हे मात्र मान्य करायला हवं. बाई अडाणी नव्हत्या. त्यांनी प्रत्येक बाटली उजेडात धरली. रंग तळाशी बसून वर पाणचट थर आला असेल तर ती बाटली परत. आत मिसळण्यासाठी बारीक गोळ्या असतात, त्यांचा आवाज येतो का ते हलवून ऐकलं. झाकण उघडून ब्रशचे केस सारखे कापलेत की पिंजारलेत ते पाहिलं, ब्रशच्या टोकाचा थेंब सावकाश आणि सलग उतरतो का ते पाहिलं. दोन नखांवर पातळ हात फिरवून घड्याळ लावून बसल्या. वास घेतला. वास कुठल्याही नेलपॉलिशला असतोच, पण नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांत पाणी उभं राहिलं तर ते घ्यायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी पर्समधून चष्मा निघाला आणि लेबलाचं वाचन झालं. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट ही तीन द्रव्यं आत नाहीत असं ज्यावर छापलेलं नव्हतं, ते सगळं त्यांनी बाजूला सारलं. कातडीला बाधणाऱ्या गोष्टी आपण पैसे देऊन घरात का आणायच्या, असं त्यांनी त्या मुलीला विचारलं. मुलगी बिचारी मान हलवत राहिली.

अशा बावीस बाटल्या घेतल्या. मंडळातल्या, इमारतीतल्या आणि नात्यातल्या बायकांसाठी. आणि वर तसलीच एक स्वतःला.

यादीच्या मागच्या बाजूला आणखी सहा नावं होती. घरात भांडी घासणारी, इमारतीचा जिना झाडणारी सखू, इस्त्रीवाल्याची बायको, अशी. त्यातलं सहावं नाव दिशाचं. ही गुणवंतीची सून. गुणवंती वर्षानुवर्षं त्यांच्या दारात मासे घेऊन येणारी, आणि पोरीची लग्नानंतरची पहिलीच संक्रांत म्हणून तिनं आपण होऊन सांगितलं होतं की वैनी, तिला बोलवा हां.

या सहाजणींसाठी वेदिकाताई तिथून तडक आठवडा बाजारात गेल्या. तिथं एका गाडीवर बाटल्यांचा ढीग होता, डझनावर मिळणारा. कुठल्याच बाटलीवर नाव नाही, तारीख नाही, काही नाही. नुसता भडक रंग आणि सोनेरी झाकण. बाईंनी एकही बाटली उजेडात धरली नाही की एकाचंही झाकण फिरवलं नाही. चष्मा पर्समध्येच राहिला. "त्यांना काय कळतंय, लाल दिसलं की झालं," असं त्या गाडीवाल्याला म्हणाल्या. तो हसला. असली गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती.

घरी आल्यावर दोन कापडी पिशव्या भरल्या गेल्या. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून दुसऱ्या पिशवीला बाईंनी एक लाल टिकली चिकटवली. कपाळाला लावायची टिकली! माणसामाणसांत फरक करायला आपल्याकडे साधनांची कधीच कमतरता नसते. टिकलीवाल्या सहाजणींना चारची वेळ दिली होती, बाकीच्यांना सहाची. गर्दी होते ना, म्हणून. चारला आलेल्यांना बाहेरच्या खोलीत तिळाची वडी, हळदीकुंकू आणि टिकलीच्या पिशवीतली बाटली मिळाली. सहाला आलेल्यांना आत सोफ्यावर बसवून मसाला दूध मिळालं.

दिशा त्या दिवशी पहिल्या संक्रांतीसाठी घेतलेली काळी साडी नेसून आली होती. पूर्णगडची मुलगी, बारावी झालेली, आणि रत्नागिरीत कोळंबीच्या कारखान्यात कोळंबी सोलायच्या कामावर. तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली आणि वाकून नमस्कार केला. कामावर तिला नेलपॉलिश लावता येत नसे. परदेशी जाणारा माल, म्हणून दर सकाळी कारखान्याच्या फाटकावर सुपरवायझर बाई प्रत्येकीचे हात उलटसुलट करून तपासायच्या. म्हणून दिशानं बाटली जपून ठेवली आणि माहेरी एका लग्नाला दोन दिवस गेली तेव्हा हौसेनं लावली. परत आली आणि कामावर जायच्या आधी पुसून काढली.

रंग गेला, पण नखं पिवळी पडली. नखांभोवतीची कातडी लाल होऊन खाजायला लागली. त्यात आठ-आठ तास हात बर्फाच्या पाण्यात आणि कोळंबीच्या काट्यांत. चौथ्या दिवशी दोन बोटांना नखुरडं झालं, बोटं सुजून ठणकायला लागली, आणि आठवड्याच्या आत उजव्या हाताची दोन नखं बुडापासून सुटी झाली. फाटकावर सुपरवायझर बाईंनी हात बघितले आणि तिला रांगेतून बाहेर काढलं. हे कातडीचं काहीतरी संसर्गाचं दुखणं दिसतंय, घरी स्वच्छता ठेवत नाही काय, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तिच्या जागी दुसरी घेणार होत्या. रांगेतल्या बायका तिच्यापासून हातभर लांब सरकल्या.

दिशाचा नवरा रूपेश ट्रॉलरवर खलाशी, महिन्यातले कितीतरी दिवस समुद्रात. घर गुणवंतीच्या टोपलीवर आणि दिशाच्या पगारावर चालायचं. नोकरी जाणं वाईट होतंच, पण संसर्गाच्या दुखण्याची बाई असा शिक्का बसला असता तर दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं तिला फाटकाच्या आत घेतलं नसतं.

शुक्रवारी सकाळी गुणवंती टोपली घेऊन आली तेव्हा दिशा तिच्या मागे होती. वेदिकाताईंनी नेहमीप्रमाणे बांगडा उचलला, कल्ला उघडून आतला रंग बघितला, पोट बोटानं दाबलं आणि मगच चार बांगडे बाजूला काढले. मग दिशाच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. फडक्यात गुंडाळलेली दोन बोटं बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, आणि गुणवंतीनं सगळं सांगितलं. ती चढ्या आवाजात बोलली नाही. बाटली दिशानं सोबत आणली होती, ती तिनं दारातल्या स्टुलावर ठेवली.

आता बाईंचं वागणं बघा. आधी त्या म्हणाल्या, कोळंबीच्या पाण्यानं झालं असेल. मग म्हणाल्या, काही जणींची कातडीच नाजूक असते. मग म्हणाल्या, पुसायला काय वापरलंस, रॉकेल तर नाही ना? दिशा नाही म्हणाली. तेव्हा बाईंनी हुकमाचं पान टाकल्यासारखं सांगितलं, "मी अठ्ठावीस जणींना वाण दिलं, आमच्यातल्या बावीस जणींपैकी एकीची तक्रार नाही."

माणूस खोटं बोलताना असा स्वतःच्याच शब्दात अडकतो.

"तुमच्यातल्या बावीस जणींना हीच बाटली दिलीत काय, काकी?" दिशानं विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. आतल्या शोकेसमध्ये आरशापुढे बाईंची स्वतःची बाटली उभी होती, दारातून दिसत होती. दिशानं ती बघायला मागितली. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून बाईंनी ती आणून दिली. दिशानं बाटली फिरवून लेबल वाचलं, अगदी सावकाश, जसं बाईंनी स्वतः दुकानात वाचलं होतं.

"परवाना नंबर, बॅच नंबर, तारीख," ती म्हणाली. "काकी, आमी कोलंबी सोलतो ना, तिच्या प्रत्येक खोक्यावर हे सगळं असतं. कधी पकडली, कधी सोलली, कुठल्या बॅचची. त्या खोक्यातली एक कोलंबी खराब निघाली तर कोणाच्या हातची ते शोधून काढतात. परदेशातला माणूस आजारी पडू नये म्हणून. आणि मी माज्या नखांवर जे लावलं ते कुणी बनवलं, कधी बनवलं, काय घालून बनवलं, काय पत्ता नाय. मला वाटलं, काकींनी दिलंय म्हणजे बघूनच दिलं असेल. म्हणून मी बघितलं नाय."

तिच्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त लाज होती. आपण भाबड्यासारखा विश्वास टाकला याची लाज. खरं तर ती लाज दुसऱ्या कुणाला वाटायला हवी होती.

बाई म्हणाल्या, मी तुला नवी बाटली देते, चांगली देते, औषधालाही देते. तेव्हा गुणवंती पुढे आली. इतकी वर्षं ती या दारात बसत आली होती आणि उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाय टाकला नव्हता. आजही टाकला नाही.

"वैनी, तुमी कल्ला उघडल्याशिवाय बांगडा घेत नाय," ती म्हणाली. "मी कधी रागावलंय? उलट बरं वाटतं, जाणतं गिऱ्हाईक हाय म्हणून. पण मी एक गोष्ट सांगतंय ती ऐका. माझ्या टोपलीत एकच बांगडा असतो. तुमाला तोच, सखूला तोच, आनी घरी आमाला पण तोच. शिळा झाला तर तो माडाच्या मुळात जातो. सखूला काय कळतंय म्हणून मी तो तिच्या पदरात घालत नाय."

गुणवंतीनं स्टुलावरची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"ही लावा एका बोटाला. करंगळीला लावा. एवढी बरी हाय ना ती."

बाईंनी बाटली हातात घेतली. पहिल्यांदाच त्यांनी ती उजेडात धरली. तळाशी लाल चिखल होता आणि वर तेलकट पाणी. झाकण फिरवलं तर उग्र वासानं डोळे झोंबले. ब्रशचे केस चारी दिशांना फाकलेले, त्यातला एक तुटून थेंबाबरोबर झाकणाला चिकटलेला. जे जे बघायला हवं ते सगळं या बाईंना पाठ होतं, आणि प्रत्येक खूण त्यांना सांगत होती की ही बाटली फेकून दे. त्यांनी ब्रश करंगळीपर्यंत नेला. हात तिथंच थांबला. त्यांना तो पुढे नेता येईना!

दोघी सासू-सुना बघत उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं.

वेदिकाताईंनी झाकण लावलं. आपण अडाणीपणानं चुकलो असतो तर एक वेळ चाललं असतं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. आपल्याला सगळं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं आपण माणूस बघून वापरलं. जे आपल्या करंगळीला लावायला हात धजत नाही ते आपण एका नव्या नवरीच्या हातात दिलं, आणि तिनं त्याला नमस्कार केला. मान वर करून त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. मी काय करू, सांग."

"मला नवी बाटली नको आणि पैसे पण नको," दिशा म्हणाली. "सोमवारी सकाळी फाटकावर या आणि सांगा, ही बाटली तुमी दिलीत."

आता इथं आपल्या बाई एकदम बदलल्या, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तसं झालं नाही. शनिवार-रविवार त्यांनी पळवाटा शोधण्यात घालवला. चिठ्ठी लिहून दिली तर चालेल का? फोन केला तर? सुपरवायझरला घरी चहाला बोलावलं तर? मंडळाच्या सेक्रेटरीनं कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेसमोर उभं राहायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी त्यांना गेटवर नेलं ते त्यांच्या करंगळीनं. जेव्हा जेव्हा तिच्याकडे लक्ष जाई, तेव्हा ती कोरी आणि धडधाकट दिसायची.

सोमवारी साडेसातला त्या फाटकावर होत्या. डोक्याला टोपी आणि पायांत गमबूट घातलेल्या पन्नासेक बायका रांगेत उभ्या होत्या. दिशा एका बाजूला. सुपरवायझर बाईंनी कोण तुम्ही म्हणून विचारलं. वेदिकाताईंनी नाव सांगितलं, पर्समधून बाटली काढली आणि सांगितलं की हिच्या घरच्या स्वच्छतेत काही खोट नाही, हे मी दिलेल्या नेलपॉलिशनं झालंय. सुपरवायझर बाईंनी बाटली उलटसुलट केली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यावर तर काहीच छापलेलं नाही. शिकलेल्या दिसता. बघून नाही घेतलंत?"

इथं एक छोटंसं खोटं खपून गेलं असतं. दुकानदारानं फसवलं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. वेदिकाताईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"माझ्यासाठी घेतलं तेव्हा बघून घेतलं," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी घेताना बघितलं नाही. हिला चालेल असं वाटलं."

पन्नास बायकांनी या बाईकडे नुसतं पाहिलं. ते बघणं बाईंनी मान खाली न घालता सोसलं, आणि एवढं एक काम त्यांच्या हातून त्या महिन्यात धड झालं.

सुपरवायझर बाईंनी दिशाला डॉक्टरांकडे पाठवलं. संसर्गाचं काही नाही, त्या नेलपॉलिशची बाधा होऊन वर नखुरडं झालंय, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. बोटं भरून येईपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही, आणि नवी नखं पुरती यायला काही महिने लागतील. तोवर दिशाला पुठ्ठ्याची खोकी जुळवायच्या कोरड्या कामावर घेतलं. नोकरी राहिली. जी बाई सर्वात आधी लांब सरकली होती, तिनं त्या दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्यापुढे केली.

त्याच संध्याकाळी वेदिकाताई उरलेल्या पाच बाटल्या परत आणायला निघाल्या. चौघींनी आपापली बाटली काढून दिली. दोघींनी ती वापरली नव्हती, दोघींना थोडी खाज सुटली होती. शेवटी त्या सखूच्या रस्त्यालगतच्या खोलीवर गेल्या. सखू जिना झाडणारी, कधी दोन शब्दांपलीकडे न बोलणारी. ती ओशाळून म्हणाली की बाटली नाही.

"संपवलीस?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाय, वैनी. झाकण उघडलं तवाच वास आला. पोरीच्या हाताला लागल म्हणून त्याच दिवशी टाकून दिली."

"मग मला बोलली का नाहीस? मी बाकीच्यांना तरी सावध केलं असतं."

सखूनं पदराशी चाळा केला. "तुमी येवढ्या मायेनं दिलीत. तुमच्या मनाला लागल असं वाटलं."

वेदिकाताई तिच्या दारातच खाली बसल्या. भर रस्त्यावर, नव्या साडीसकट.

तर वाचकहो, नेलपॉलिश कसं निवडावं ते या गोष्टीत दोनदा आलंय, ते पुन्हा सविस्तर सांगत नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना, तारीख, घटक, वास, ब्रश, सगळं तपासा. बाजारातला भिकार माल आपोआप खपत नसतो. तो विकणारा एक असतो आणि "द्यायचंच तर आहे" म्हणत तो घेणारे आपण शंभर असतो. कामवालीला उतरलेली मिठाई, वॉचमनला विटलेला सदरा, आणि वर आपण काही दिल्याचं समाधान! आपल्याला नको ते दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणं म्हणजे दान नाही, तो कचरा टाकण्याचा सभ्य प्रकार आहे. आणि घेणाऱ्याला ते कळत नाही असं समजू नका. त्याला पहिल्याच दिवशी वास येतो. आपल्या मनाला लागू नये म्हणून तो गप्प बसतो.